रतलामचा निकाल आणि दवाखान्याची वही

शहाण्याने न्यायालयाची पायरी चढू नये, हे आमच्या घरात वेदवाक्य होते. त्यातून मी डॉक्टर झालो. तेव्हा मारामारीतील जखमांचा दाखला सिद्ध करण्यापुरते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे आणि पुन्हा आपल्या दवाखान्यात येऊन बसावे, याहून अधिक संबंध न्यायालयाशी येईल असे कधी वाटले नव्हते. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा 'पाणी आणि स्वच्छता' या विषयावर लेख मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा कावीळ, विषमज्वर, उकळलेले पाणी, क्लोरीनच्या गोळ्या अशा परिचित वळणाच्या लेखाची असावी. तसा लेख मी पूर्वी दोन वेळा लिहिला आहे आणि तो वाचून कोणी पाणी उकळू लागल्याचे माझ्या ऐकिवात नाही. म्हणून यंदा एका निकालाविषयी आणि एका वहीविषयी लिहितो.

निकाल रतलामचा आहे. आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींना रतलाम म्हटले की सेव आठवते, सोने आठवते, किंवा मध्यरात्री गाडी बदलण्यासाठी फलाटावर काढलेले तास आठवतात. परंतु देशातील कोणत्याही विधी महाविद्यालयात जाऊन रतलामचे नाव काढावे. विद्यार्थी लगेच 'रतलाम नगरपरिषद विरुद्ध वर्धीचंद' हा सर्वोच्च न्यायालयाचा २९ जुलै १९८० चा निकाल सांगतील. आपल्या दारातली ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

प्रकरण अगदी साधे होते. रतलामच्या बारा क्रमांकाच्या प्रभागात न्यू रोड परिसरात उघडी गटारे होती. जवळच्या मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी रस्त्यावर येई. आसपासच्या झोपडवस्तीत शौचालये नव्हती, म्हणून माणसे नाइलाजाने रस्त्याकडेला बसत. डासांविषयी तर लिहायलाच नको. तेथील रहिवाशांनी नगरपरिषदेचे उंबरठे झिजवले आणि अखेर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली अर्ज केला. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देण्याचा अधिकार या कलमाने दंडाधिकाऱ्यास दिला होता. दंडाधिकाऱ्यांनी रहिवाशांचे म्हणणे मान्य करून नगरपरिषदेला योजना आखण्यास सांगितले. सत्र न्यायालयाने तो आदेश फिरवला, उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला, आणि नगरपरिषद दिल्लीला गेली. गटार बांधण्यासाठी जिच्याकडे पैसा नव्हता, तिच्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्यापुरता होता, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

नगरपरिषदेच्या बचावातील एक मुद्दा वाचताना आजही अंगावर काटा येतो. या रहिवाशांनी तेथील घाण ठाऊक असतानाच स्वेच्छेने तेथे घरे केली, तेव्हा आता त्यांना तक्रारीचा अधिकार नाही, असे तिचे म्हणणे होते. दुसरा मुद्दा पैशाचा. कर्तव्य मान्य आहे, पण तिजोरीत पैसा नाही. सबब जबाबदारीतून मुक्त करावे.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी हे दोन्ही मुद्दे फेटाळले. मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम, १९६१ च्या कलम १२३ ने रस्ते व गटारे स्वच्छ ठेवण्याचे कर्तव्य नगरपरिषदेवर टाकले आहे, राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्याची सुधारणा हे राज्याचे कर्तव्य मानले आहे, आणि अशा मूलभूत कर्तव्याला आर्थिक असमर्थता हे उत्तर होऊ शकत नाही, हा त्या निकालाचा गाभा. कमी महत्त्वाच्या आणि चैनीच्या कामांवरील खर्च कमी करा, राज्य शासनाकडे मागणी करा, पण गटार बांधा. त्याच वेळी न्यायालयाने भव्य, न परवडणारी योजना नगरपरिषदेच्या गळ्यात मारली नाही; कमी खर्चात काय होईल ते पाहून मुदत बांधून दिली. नुसता उपदेश करून खंडपीठ उठले नाही, ही या निकालाची खरी थोरवी. कायदा आणि गुंतवणूक या दोन गोष्टी आपण निरनिराळ्या खात्यांत टाकतो. रतलामच्या निकालात त्या एकाच वाक्यात आल्या.

आणि आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने त्यात एक ओळ आहे, तिच्याकडे वकील मंडळींचे फारसे लक्ष जात नाही. सहा महिन्यांच्या आत स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र शौचालये बांधावीत, तेथे पाणी आणि सकाळ-संध्याकाळ सफाईची व्यवस्था करावी. आणि हे काम पूर्ण झाल्याचा अहवाल नगरपरिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याने द्यावा. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आदेशाचा डोळा म्हणून शेवटी आरोग्य अधिकारीच निवडला.

हे मला कळले ते निकालानंतर तब्बल तेरा वर्षांनी, आणि तेही एका अपराधाच्या भावनेतून.

१९९३ चा पावसाळा. माळव्यातील एका लहान गावी माझा दवाखाना होता. गावाचे नाव येथे देत नाही. तेथील माणसांशी माझे संबंध आजही जिव्हाळ्याचे आहेत आणि त्या वेळचे अधिकारी केव्हाच निवृत्त झाले. श्रावण लागला आणि काविळीचे रुग्ण येऊ लागले. पावसाळ्यात चार-दोन रुग्ण येतातच, म्हणून मी नेहमीप्रमाणे विश्रांती, ग्लुकोज, तेलकट वर्ज्य असे सांगून यकृताचे टॉनिक लिहून देत होतो. त्याच सुमारास मागच्या गल्लीतील एक वृद्धा गुडघेदुखीसाठी आली होती. जाता जाता ती म्हणाली, "डॉक्टर साब, नल के पानी में बास आ रही है." मी मान हलवली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

दोन आठवड्यांनी त्याच वृद्धेची सून आली. सातवा महिना, डोळे हळदीसारखे पिवळे, बोलण्यात किंचित असंबद्धता. मी तत्काळ इंदूरला पाठवले. तिसऱ्या दिवशी ती गेली, आणि पोटातले मूलही गेले.

गर्भवतीला, त्यातही शेवटच्या तिमाहीत, दूषित पाण्यातून होणारी 'ई' जातीची कावीळ किती घातक असते, हे या लेखाच्या डॉक्टर वाचकांना सांगावयास नको. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेवरील पाणीपुरवठ्याच्या केंद्रात सांडपाणी शिरून जी काविळीची साथ आली, तिच्यात २९,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. ती साथ या विषाणूची होती, हे पुढे अनेक वर्षांनी साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळले. हे सारे मी वाचलेले होते. वाचलेले असूनही सासूबाईंच्या तोंडचे वाक्य माझ्या कानांत शिरले नव्हते.

त्या रात्री मी रुग्णांची वही काढली. तीत नाव, वय, औषध आणि फी एवढेच लिहिण्याची माझी पद्धत होती; पत्ता नसे. कंपाउंडरला जवळ बसवून, कोण कोठे राहतो हे आठवून आठवून प्रत्येक काविळीच्या नावापुढे गल्ली लिहिली. पहाटेपर्यंत चित्र स्पष्ट झाले. बहुतेक नावे दोनच गल्ल्यांतली होती, आणि त्या दोन गल्ल्यांना एकाच पुलियाखालून जाणारी नळवाहिनी पाणी देत होती. सकाळी जाऊन पाहिले. लोखंडी नळ गटारातून, अक्षरशः गटाराच्या पाण्यात बुडून, पलीकडे जात होता आणि जोडावर गंजून खपल्या सुटल्या होत्या.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण हा यंत्रव्यवहार समजल्यावाचून पुढचे कळणार नाही. नळाला चोवीस तास दाबाने पाणी असेल, तर लहान भोकातून पाणी बाहेर जाते. घाण आत येत नाही. पण आपल्याकडे पाणी दिवसातून एखादा तास येते, उन्हाळ्यात एकाआड एक दिवस. पाणी बंद झाले की नळ रिकामा होतो, आत निर्वात पोकळी निर्माण होते आणि बाहेरचे गटार त्याच भोकातून आत ओढले जाते. त्यातच दोन-चार घरांनी थेट नळाला विजेचा पंप लावलेला असतो. तो तर गटार शोषून घेण्याचे यंत्रच. टाकीवर क्लोरीन कितीही घातला, तरी घरच्या तोटीवर तो शिल्लक राहत नाही. भारतीय मानकानुसार तोटीच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला पाहिजे. मी त्या गल्ल्यांत ऑर्थोटोल्युडीनचे थेंब टाकून पाहिले; पाणी पिवळे होईना. रुग्ण मात्र पिवळे होत होते.

अर्ज दिला. पोच मिळाली. दुसरा अर्ज दिला; त्याचीही पोच मिळाली. मग आमच्या गणेशोत्सव मंडळातील एका ज्येष्ठ वकिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले,

"डॉक्टरसाहेब, आपण हे अर्ज पाणीपुरवठ्याच्या बाबूंना दिलेत. एस.डी.एम. साहेबांना का नाही दिले?"

"ते तर महसुलाचे अधिकारी. त्यांचा नळाशी काय संबंध?"

वकीलसाहेबांनी कपाटातून धूळ झटकून निकालांचा खंड काढला आणि रतलामचे पान उघडून माझ्यापुढे ठेवले. "वाचा. आपल्या शेजारच्याच गावचे आहे," एवढेच म्हणाले.

दंडाधिकाऱ्यांसमोर आमचे प्रकरण उभे राहिले, तेव्हा पुरावा म्हणून सादर झाली ती माझी वही. समोरच्या वकिलांनी मला बरोबर कोंडीत पकडले. "अमुक रुग्णास याच नळाच्या पाण्याने कावीळ झाली, असे आपण शपथेवर सांगू शकता?" नाही, सांगू शकत नाही, असे मी म्हणालो. एका रुग्णाविषयी कोणताही प्रामाणिक डॉक्टर तसे सांगू शकणार नाही. मात्र या दोन गल्ल्यांत एवढे रुग्ण आणि दुसऱ्या नळाचे पाणी पिणाऱ्या लगतच्या गल्लीत जवळजवळ कोणीच नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो, असे पुढे म्हटले. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर डॉ. जॉन स्नो यांनी याहून वेगळे काही केले नव्हते. त्यांनीही मृतांचे पत्ते लिहिले आणि ते एका पंपाभोवती गोळा झालेले दाखवले. पॅथॉलॉजीचा अहवाल एका माणसाविषयी बोलतो. वस्तीविषयी बोलायला पत्त्यांची वही लागते.

अपेक्षेप्रमाणे उत्तर आले: निधी नाही. वकीलसाहेबांनी रतलामचा निकाल पुढे केला आणि बसस्थानकासमोर मंजूर झालेल्या कारंज्याचा ठराव त्याला जोडला. दंडाधिकारी तरुण होते. त्यांनी ठराव दोनदा वाचला. कारंज्याचे काम थांबले आणि पुलियाखालची वाहिनी गटारापासून दूर, नव्या नळाने, वरून नेण्यात आली. सारे मिळून चौदा महिने लागले. पुढच्या दोन पावसाळ्यांत त्या गल्ल्यांतून काविळीचे तुरळकच रुग्ण आले. आमचा विजय एवढाच. आदेश दोन गल्ल्यांचा होता, म्हणून काम दोन गल्ल्यांचेच झाले. पाच वर्षांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला तोच प्रकार घडला, तेव्हा वकीलसाहेब हयात नव्हते आणि मी इंदूरला स्थायिक झालो होतो. कोणी अर्ज केला की नाही, मला माहीत नाही.

अर्धी गुंतवणूक कशी दगा देते, याचे उदाहरण लंडननेच दिले आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी संसदेच्या खिडक्यांतून आत आली, आणि वर्षानुवर्षे रेंगाळलेला विषय काही दिवसांत मार्गी लागून ३० लाख पौंडांचे कर्ज उभारण्याचा अधिकार देणारा कायदा संमत झाला. अभियंता जोसेफ बॅझलगेट यांनी शहराखाली भुयारी गटारे बांधली. १८६६ साली पटकी पुन्हा आली, तेव्हा ती मुख्यतः पूर्व लंडनमध्ये कोसळली. नेमकी तेथली गटारयोजना तोपर्यंत अपुरी होती.

आपल्या इंदूरकडे याच नजरेने पाहावेसे वाटते. होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली नगररचनेचा अहवाल लिहिला. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढवली. तीत उंदराचा प्रचंड पुतळा होता आणि सफाई कामगारांना मानाचे स्थान होते. पुढे यशवंत सागर झाला, आणि १९७० च्या नागरिक आंदोलनानंतर १९७८ साली नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरांवरून घाट चढून शहरात आले. आपल्यापैकी जे त्या वेळी येथे होते, त्यांना तो दिवस आठवत असेल. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात शहराने सतत पहिला क्रमांक मिळवला, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. म्हणूनच २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या नळात सांडपाणी मिसळून जुलाब-वांत्यांची साथ उसळली आणि माणसे दगावली, ती बातमी वाचताना माझे हात थरथरले. रहिवासी पाण्याला वास येतो असे आधीपासून सांगत होते. तेच वाक्य, बत्तीस वर्षांनी. रस्त्यावरची स्वच्छता दिसते, तिचे गुण मिळतात; जमिनीखालचा जुना नळ कोणाला दिसत नाही आणि तो बदलल्याबद्दल पारितोषिक नसते. नर्मदा घाट चढवून आणणारी गुंतवणूक शेवटच्या शंभर फुटांत फसते.

कायद्याच्या बाजूने मात्र रतलामनंतर बरेच घडले. सुभाष कुमार खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा आणि सार्वजनिक स्वच्छता हे विषय नगरसंस्थांच्या यादीत आले. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिले. रतलामच्या निकालाला दुसऱ्या दिवशी तीस वर्षे पूर्ण व्हायची होती. पैसाही आला. २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाले तेव्हा ग्रामीण भागात ३.२३ कोटी घरांत नळ होता. २०२४ पर्यंत ही संख्या पंधरा कोटींच्या पुढे गेली. नळाच्या या आकड्याइतकेच महत्त्व मी त्या योजनेतील दुसऱ्या तरतुदीला देतो: गावागावांतील स्त्रियांना पाणी तपासण्याच्या संचाचे प्रशिक्षण.

रतलामच्या निकालातील एका गोष्टीबद्दल मात्र मन स्वस्थ होत नाही. सकाळ-संध्याकाळ सफाई व्हावी, असे त्या आदेशात आहे. ती सफाई कोणाच्या हातांनी होणार, याविषयी तो काही बोलत नाही. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा त्यानंतर १९९३ साली आला, तो अपुरा पडल्याने २०१३ साली दुसरा आला. गटारात उतरून मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढली हे योग्यच झाले. पण तिची गरज अद्याप पडते, याचा अर्थ यंत्रांवर करावयाचा खर्च अजून माणसांच्या जिवावर भागवला जात आहे. आपण डॉक्टरांनी अशा मृत्यूच्या दाखल्यावर केवळ 'श्वासावरोध' असे लिहून न थांबता, विषारी वायू आणि गटार यांचा स्पष्ट उल्लेख करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

एक व्यवहाराची माहिती देतो. जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता आता राहिली नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कलम १३३ ची जागा तिच्यातील कलम १५२ ने घेतली. अधिकार तोच आहे. दंडाधिकारी पोलिसांच्या अहवालावरून किंवा अन्य कोणत्याही माहितीवरून कारवाई करू शकतात. डॉक्टरांनी तारीखवार दिलेली रुग्णांची गल्लीनिहाय संख्या ही 'अन्य माहिती'च होय. रुग्णांची नावे देण्याची आवश्यकता नाही. गोपनीयता राखूनही वस्तीचे चित्र देता येते. त्या वेळी मी हे भान ठेवले नव्हते आणि संपूर्ण वहीच हवाली केली होती, ही माझी चूक.

ती वही प्रकरण निकाली निघाल्यावर मला परत मिळाली. मुखपृष्ठावर न्यायालयाचा जांभळा शिक्का आणि निशाणी क्रमांक आहे. आत, कंपाउंडरच्या अक्षरात, नावांसमोर गल्ल्या लिहिलेल्या आहेत. सुनेच्या नावापुढची गल्ली मात्र माझ्या अक्षरात आहे. त्याच्या तेरा पाने आधी तिच्या सासूबाईंची नोंद सापडते: गुडघेदुखी, गोळ्या, मलम, फी दहा रुपये. पाण्याच्या वासाविषयी तेथे काहीही लिहिलेले नाही.